मोडक्या जबड्याची गोष्ट

भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की आमच्या धरमतरच्या खाडीकाठी मोकळ्या झालेल्या शेतांत क्रिकेट उगवतं. पोरं ढेकळं फोडतात, पाणी मारतात, भरलेलं पिंप आडवं करून रोलरसारखं फिरवतात आणि दोन दिवसांत खेळपट्टी तयार होते. एका अंगाला खारबंदिस्तीचा बांध, पलीकडे जेटीकडे सरकणारे बार्ज आणि अलिबागच्या रस्त्यावरचा पूल. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रविवारचा दिवस इथे कसा सरतो ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी शेजारच्या वाडीतला सोळा वर्षांचा मुलगा सीझन बॉलवर खेळत होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. टप्पा पडून उसळलेला चेंडू त्याच्या कानशिलाच्या वर बसला आणि तो मटकन खाली बसला. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी डोकं चोळलं. मी बांधाजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. अशा वेळी म्हातारी माणसं जे करतात तेच मी केलं. गोष्ट सांगितली. न्यूझीलंडमध्ये रमाकांत देसाईंचा जबडा मोडला, तरी ते मैदान सोडून गेले नाहीत आणि त्यांच्या त्या धावांमुळे भारताने परदेशातला पहिला कसोटी विजय मिळवला, ही ती गोष्ट. पोरगा उठला. आणखी बारा धावा काढल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. आईला तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला आणि उत्तर मिळालेलं विसरू लागला. रात्री त्याला गाडीत घालून पेणला नेलं. कवटी शाबूत होती, आत रक्तस्राव नव्हता. मेंदूला हादरा बसला होता. तीन आठवडे खेळ बंद, धावपळ बंद, मोबाइल बंद. मुलगा सुदैवाने पूर्ण बरा झाला. माझ्या मनातून मात्र ती संध्याकाळ गेली नाही. मी त्याला जी गोष्ट सांगितली होती ती खोटी नव्हती, पण ती अर्धीच होती. आज ती पुरी सांगायची आहे.

रमाकांत भिकाजी देसाई यांचा जन्म २० जून १९३९ रोजी मुंबईत झाला. वेगवान गोलंदाज म्हटला की डोळ्यांपुढे सहा फुटी धिप्पाड गडी उभा राहतो. देसाईंची उंची होती जेमतेम पाच फूट चार इंच. सहकारी त्यांना लाडाने ‘टायनी’ म्हणत. पण या चिमुकल्या माणसाचा चेंडू टप्पा पडल्यावर असा काही उसळी घेई की उंचापुऱ्या फलंदाजांनाही मान मागे घ्यावी लागे. आपल्याकडच्या खेळपट्ट्या तेव्हा फिरकीच्या लाडक्या होत्या. वेगवान गोलंदाजाने चार षटकं टाकून चेंडूची लकाकी घालवायची आणि मग मुकाट्याने सीमारेषेवर जाऊन उभं राहायचं, असा रिवाज होता. त्या काळात मुंबईला हा मुलगा सापडला. १९५८-५९ च्या आपल्या पहिल्याच रणजी मोसमात त्याने ५० बळी घेतले, तेही प्रत्येकी अकरा-साडेअकरा धावांच्या आत.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्या माऱ्यापुढे आपली फलंदाजी पार कोलमडली होती. एका मालिकेत भारताने चार कर्णधार बदलले. दिल्लीच्या पाचव्या कसोटीत हेमू अधिकारी कर्णधार होते आणि एकोणीस वर्षांच्या देसाईंना संघात घेण्यात आलं. वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ धावांवर डाव घोषित केला. त्या डावात देसाईंनी ४९ षटकं टाकली आणि १६९ धावांत ४ बळी घेतले. आकड्यांना सरावलेल्या माझ्यासारख्याला यातला बळींचा आकडा नव्हे, तर षटकांचा आकडा थांबवतो. एकोणीस वर्षांचा, पाच फूट चार इंचांचा मुलगा, पदार्पणाचा सामना, आणि एका डावात ४९ षटकं! ओझं उचलतोय ना, मग आणखी ठेवा, ही आपली जुनी रीत. पुढची नऊ वर्षं ते ओझं त्यांच्या खांद्यावरून फारसं उतरलं नाही.

१९५९ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि पाचही कसोटी हरून परत आला. पण त्या पराभवातही लॉर्ड्सवर देसाईंनी ८९ धावांत ५ बळी घेतले. याच सामन्यात आणखी एक गोष्ट घडली. सलामीचे फलंदाज नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या बरगडीवर स्टॅथमचा चेंडू बसला आणि बरगडी मोडली. तशाच अवस्थेत ते उभे राहिले आणि ८१ धावा काढल्या. घरोघरी या खेळीचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्या कौतुकातून एक धडा नकळत गिरवला जात होता. दुखणं सांगायचं नसतं. सांगितलं तर आपण कमी ठरतो.

१९६०-६१ मध्ये पाकिस्तानचा संघ आला. हनीफ महंमद खेळपट्टीवर ठाण मांडून बसले की दिवस उलटायचे. त्या हनीफना देसाईंनी मालिकेत चार वेळा बाद केलं. मुंबईच्या पहिल्या कसोटीत तर त्यांनी बॅटनेही कमाल केली. दहाव्या क्रमांकावर येऊन ८५ धावा, आणि नाना जोशींबरोबर नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागी. भारताचा हा विक्रम पुढे अनेक दशकं कुणाला मोडता आला नाही. ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्या दिवशी हजर असलेली माणसं म्हातारपणी नातवंडांना या भागीची कहाणी सांगत.

मग १९६२ साल उजाडलं. भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार होते नरी कॉन्ट्रॅक्टर आणि संघात देसाईही होते. मार्च महिन्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याच्या उजव्या बाजूला लागला. त्या काळी डोक्यावर टोपीखेरीज काही नसे. कॉन्ट्रॅक्टर तंबूत परतले खरे, पण थोड्याच वेळात प्रकृती ढासळली. कवटीला तडा गेला होता आणि आत रक्त साचत होतं. शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त लागणार म्हटल्यावर प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल धावून आले, त्यांच्या पाठोपाठ आपले खेळाडूही. त्याच सामन्यात विजय मांजरेकरांच्या नाकावर चेंडू आदळला. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढे ते पुन्हा रणजी सामने खेळले, पण कसोटी मैदानावर त्यांना पाऊल ठेवता आलं नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी भारताच्या कर्णधाराची कसोटी कारकीर्द एका चेंडूने संपवली आणि एकवीस वर्षांच्या पतौडींकडे संघ आला.

हे सगळं संघातल्या पोरांनी जवळून पाहिलं होतं. तरी पुढच्या सामन्याला तीच मंडळी तशाच उघड्या डोक्याने उभी राहिली. दुसरा उपायच नव्हता. हेल्मेट नावाची वस्तू क्रिकेटमध्ये यायला अजून पंधरा वर्षं होती. आणि दुखापतीनंतर खेळायचं की नाही, हे ठरवणारंही दुसरं कुणी नव्हतं. खेळाडू स्वतः जे म्हणेल तेच खरं.

देसाईंची सर्वोत्तम कामगिरी १९६४-६५ च्या मोसमात झाली, पुन्हा मुंबईतच. न्यूझीलंडचे ६ गडी त्यांनी ५६ धावांत टिपले. याच सामन्यात भारताचा पहिला डाव ८८ धावांत कोसळला आणि दिलीप सरदेसाईंनी दुसऱ्या डावात नाबाद २०० धावा काढून तो वाचवला. सरदेसाईंच्या द्विशतकाखाली देसाईंचे सहा बळी झाकले गेले. तसंही त्यांचं बरंचसं काम झाकलंच गेलं. एका बाजूने अखंड मारा करून ते थकत आणि दुसऱ्या बाजूने फिरकी गोलंदाज नाव कमावत. पंचविशी ओलांडता ओलांडता त्यांचा वेग उतरू लागला होता. तरी मुंबईसाठी ते धावत राहिले. १९५८-५९ पासून १९६८-६९ पर्यंत ते मुंबईकडून खेळले आणि त्या सगळ्या मोसमांत रणजी करंडक मुंबईकडेच राहिला.

आता डनेडिन. १९६७-६८ चा हिवाळा. पतौडींचा संघ ऑस्ट्रेलियात चारही कसोटी हरून न्यूझीलंडला आला होता. भारताला कसोटी खेळू लागून पस्तीस वर्षं होऊन गेली होती, पण परदेशात एकही कसोटी जिंकता आलेली नव्हती. १५ फेब्रुवारी १९६८ ला पहिली कसोटी सुरू झाली. डाउलिंग यांच्या शतकाच्या जोरावर न्यूझीलंडने ३५० धावा केल्या. भारताच्या डावात अजित वाडेकरांनी ८० धावा काढल्या, पण ३०२ धावांवर नववा गडी पडला. मैदानावर होते देसाई, आणि जोडीला आला तरुण बिशनसिंग बेदी. डिक मोट्झ यांचा एक चेंडू उसळून देसाईंच्या चेहऱ्यावर आदळला. जबड्याचं हाड मोडलं.

देसाई गेले नाहीत. त्यांनी आणि बेदींनी शेवटच्या गड्यासाठी ५७ धावा जोडल्या. देसाई ३२ धावांवर नाबाद राहिले. भारताच्या ३५९ धावा झाल्या, म्हणजे आघाडी मिळाली अवघ्या नऊ धावांची. त्या ५७ धावा नसत्या तर आघाडी न्यूझीलंडकडे राहिली असती. दुसऱ्या डावात प्रसन्नांनी सहा बळी घेतले, न्यूझीलंडचा डाव २०८ धावांत संपला आणि भारताने पाच गडी बाद २०० धावा करून सामना जिंकला. तारीख होती २० फेब्रुवारी १९६८. परदेशातला पहिला कसोटी विजय! पुढे ती मालिकाही भारताने ३-१ अशी जिंकली.

शेताच्या बांधावर मी सांगितलेली गोष्ट इथे संपली होती. पण देसाईंचं आयुष्य इथे संपत नाही. ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. वय होतं अठ्ठावीस. कॉन्ट्रॅक्टर यांच्याप्रमाणेच, अठ्ठावीस. जबडा मोडल्यामुळे कारकीर्द संपली असं म्हणणं बरोबर होणार नाही. नऊ वर्षांच्या ओझ्याने शरीर आधीच झिजलं होतं. पण ज्या मालिका-विजयाचा पाया त्यांनी मोडक्या जबड्याने घातला, त्याच मालिकेतल्या पुढच्या तीन कसोट्यांत ते नव्हते. २८ कसोटी आणि ७४ बळी, एवढी बेरीज मांडून खातं बंद झालं. पुढच्या मोसमानंतर ते प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधूनही निवृत्त झाले.

चेहऱ्यावरचा आघात चेहऱ्यावरच थांबत नाही. मुष्टियोद्धा हनुवटीवर ठोसा बसून बेशुद्ध पडतो तो यामुळेच. हनुवटी किंवा जबड्यावर फटका बसला की डोकं झटक्यात फिरतं. कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असलेला मेंदू त्या झटक्याने हेलकावतो. कवटी फुटत नाही, कित्येकदा माणूस बेशुद्धही पडत नाही, स्कॅनमध्ये काही दिसत नाही. पण डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, मळमळतं, आठवण पुसट होते, चिडचिड वाढते. डॉक्टर याला ‘कन्कशन’ म्हणतात, आपण म्हणतो डोक्याला मुका मार. विश्रांती मिळाली तर बहुतेक जण काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरे होतात. धोका असतो तो हा मार भरून येण्याआधी बसणाऱ्या दुसऱ्या फटक्याचा. १९६८ मध्ये डनेडिनच्या मैदानावर हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसेल. जबडा मोडलाय एवढं दिसत होतं. त्याच्या वर, आत काय झालंय, हे पाहण्याची रीतच नव्हती.

आणि ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नव्हती. देसाईंचा जबडा मोडला त्याच्या महिनाभर आधी, १३ जानेवारी १९६८ रोजी, अमेरिकेत मिनेसोटामध्ये बर्फावरच्या हॉकीचा सामना चालू होता. बिल मास्टरटन हा एकोणतीस वर्षांचा खेळाडू दोघा प्रतिस्पर्ध्यांच्या धडकेने मागे पडला आणि त्याचं उघडं डोकं बर्फावर आदळलं. दोन दिवसांनी तो गेला. त्या देशातल्या त्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत मैदानावरच्या दुखापतीने दगावलेला तो एकमेव खेळाडू. बर्फावर हेल्मेट घालणाऱ्याला तेव्हा भित्रा म्हणत. मास्टरटनच्या मृत्यूनंतरही नव्या खेळाडूंना हेल्मेटची सक्ती व्हायला १९७९ साल उजाडावं लागलं. आणि २०११ मध्ये टोरांटोच्या एका वृत्तपत्राने जुने कागद डॉक्टरांपुढे ठेवले, तेव्हा असं पुढे आलं की त्या पडण्याच्या आधीही त्याच्या डोक्याला मार बसलेला असावा, आणि तो भरून येण्याआधी तो खेळत राहिला असावा. पुढे त्या खेळातल्या पॅट लाफाँटेनसारख्या मोठ्या खेळाडूंना डोक्याच्या वारंवार मारामुळे वेळेआधी निवृत्त व्हावं लागलं. हेल्मेट असूनही. कारण हेल्मेट कवटी वाचवतं, आतला हेलकावा पुरता थांबवू शकत नाही.

क्रिकेटही हळूहळू शहाणं झालं. ज्या ब्रिजटाउनमध्ये कॉन्ट्रॅक्टर पडले, तिथेच सोळा वर्षांनी, मार्च १९७८ मध्ये, ग्रॅहम यालप यांनी कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट घातलं. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. फेब्रुवारी १९९८ मध्ये आपला रमण लांबा ढाक्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटविना क्षेत्ररक्षण करताना डोक्याला चेंडू लागून गेला. तोही आधी स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेला होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २७ एप्रिल १९९८ रोजी, रमाकांत देसाईंचं मुंबईत हृदयविकाराने निधन झालं. वय अवघं अठ्ठावन्न. काही काळापूर्वीपर्यंत ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. चार वर्षांनी अँटिग्वामध्ये अनिल कुंबळेंचा जबडा मोडला आणि चेहऱ्याला पट्टी बांधून त्यांनी १४ षटकं टाकली, तेव्हा जुन्या लोकांना पुन्हा डनेडिन आठवलं. २०१४ मध्ये फिलिप ह्यूज गेला. अखेर ऑगस्ट २०१९ पासून कसोटी क्रिकेटमध्ये नियम आला, की डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला डॉक्टर बाहेर काढू शकतात आणि त्याच्या जागी दुसरा पूर्ण खेळाडू येऊ शकतो.

या नियमात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. निर्णय खेळाडूकडे राहत नाही. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला ती चटकन पटली. ज्याने व्हाउचर लिहिलं त्यानेच ते पास करायचं नाही, हा आमचा पहिला धडा. त्यात कारकुनाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. माणूस स्वतःची चूक स्वतः पाहू शकत नाही, एवढंच त्यामागे असतं. डोक्याच्या दुखापतीत तर ही अडचण दुप्पट. पाय मुरगळला तर डोकं सांगतं, थांब. पण डोकंच दुखावलं तर थांब म्हणणार कोण? मी ठीक आहे असं सांगणारा अवयवच ठीक नसतो. आणि वर त्याला आमच्यासारखे काठावर बसलेले लोक शौर्याच्या गोष्टी सांगतात.

मग देसाईंच्या त्या ३२ धावांचं काय करायचं? त्या पुसायच्या का? मला तसं वाटत नाही. त्या माणसाजवळ हेल्मेट नव्हतं, डॉक्टरांचा नियम नव्हता, बदली खेळाडू नव्हता. ते तंबूत परतले असते तर डाव तिथेच संपला असता. जे हाती होतं त्यात त्यांनी आपलं सर्वस्व दिलं, आणि त्यांचं ऋण मानलंच पाहिजे. पण नाइलाजाने दाखवलेलं धैर्य आणि उपाय हाताशी असताना केलेला हट्ट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्या सोळा वर्षांच्या पोराला पहिलीचं नाव घेऊन दुसरी करायला लावली. तो सामना परदेशातला नव्हता, कसोटी नव्हती. हरलो असतो तर वडापावाची पार्टी आम्ही दिली असती, इतकंच.

आता आमच्या वाडीत वर्गणी काढून तीन हेल्मेटं घेतली आहेत. सीझन बॉलचा सामना असला की ती घातल्याशिवाय कुणी फलंदाजीला जात नाही. कुणाच्या डोक्याला चेंडू लागला तर त्याने बाहेर यायचं, त्याच्या जागी दुसरा खेळेल, असं दोन्ही संघ नाणेफेकीच्या आधीच ठरवतात. पहिल्या वर्षी यावरून थोडी कुरकुर झाली. एक-दोघांनी लागलं नसताना लागल्याचं सोंग केलं आणि चांगला फलंदाज आत आणला, त्यावरून भांडणही झालं. पण नियम टिकला.

तो मुलगा आता अठरा वर्षांचा आहे आणि अलिबागला कॉलेजात जातो. रविवारी खेळायला येतो. मधल्या सुट्टीत लहान पोरं माझ्याभोवती जमली की रमाकांत देसाईंची गोष्ट अजूनही निघते. मी ती सांगतो. पाच फूट चार इंच उंची, दिल्लीची ४९ षटकं, हनीफचे चार बळी, मोडका जबडा आणि ५७ धावा. मग बार्बाडोसला पडलेल्या कॉन्ट्रॅक्टर यांची, ढाक्याहून परत न आलेल्या लांबाचीही सांगतो. पोरं जरा गप्प होतात. मग त्यातलं एखादं उठून हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून बांधतं आणि खेळायला निघून जातं.